सेवापुस्तकाची नक्कल संमतीविना देता येते का?

प्रश्न (कसबा बावडा): मी सरकारी लिपिक असून, वाटणीचा दावा लढणाऱ्या चुलतभावाने माहिती अधिकारात माझे सेवापुस्तक व रजेचे अर्ज मागितले आहेत. माझ्या संमतीविना ते देता येतील का?

उत्तर (राजारामपुरी): आपली गोपनीय माहिती उघड करण्याचा विचार असल्यास जनमाहिती अधिकाऱ्याने अर्ज मिळाल्यापासून ५ दिवसांत आपल्याला कलम ११ ची लेखी नोटीस द्यावी लागते आणि त्यानंतर म्हणणे मांडण्यास १० दिवस मिळतात, हरकत लेखीच द्या आणि आवक शिक्क्याची पोच घ्या.

उत्तर (शाहूपुरी): हरकत म्हणजे नकाराधिकार नव्हे, जनहित हानीपेक्षा मोठे ठरल्यास कलम ८(२) नुसार माहिती देता येते. मात्र भाऊबंदकी हे काही जनहित नव्हे, आणि सेवाविषयक नोंदी वैयक्तिक माहितीत मोडतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच म्हटले आहे.