खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात काचेवर लाल चपटे किडे दिसले की लगेच औषध ओतायचं का?

खारेपाणी_ठाणे

काल इथे एक पोस्ट आली: 'लालसर किडे दिसले की गुरांच्या जंताचं लेव्हामिसोल आणा, टाकीत ओता, तासाभरात विषय संपतो.' खाली लोकांनी 'धन्यवाद दादा' लिहून स्क्रीनशॉट काढून ठेवलेत, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

किडे तासाभरात मरतात हे खरं आहे. पण मासे त्याच्या पुढच्या तासात मरतात. कारण औषध नाही, मेलेले किडे. या लाल किड्याच्या अंगातच विष असतं. शंभर किडे मेले तर टाकी पचवते. दगड गंजल्यासारखे दिसावेत इतके किडे एकदम मेले की पाणी नारिंगी होतं, मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं मारतात, गोगलगायी काचेवरून गळून पडतात, लेदर कोरल मिटून जातं.

म्हणून आधी किडे उपसायचे, औषध नंतर. पंप बंद करा, दहा मिनिटं थांबा. ते उजेडात आणि संथ पाण्यात जमतात, त्यामुळे पुढची काच आणि वाळूचा उजळ भाग भरून जातो. ५-६ मिमीची एअरलाइन नळी, बादली खाली, नळीचं तोंड किड्यांजवळ धरून पाण्याबरोबर हलकेच ओढून घ्या. हेच दर दोन दिवसांनी. निदान दहातले नऊ गेल्याशिवाय बाटलीला हात लावू नका.

समुद्रमंथन_पुणे

ती पोस्ट माझी आहे, त्यामुळे उत्तर देणं भाग आहे. तुमचं उपसणं ऐकायला छान वाटतं, पण हा किडा अंडी घालत बसत नाही, मागच्या टोकाला कोंब फुटून नवा किडा सुटतो. दोन दिवसांनी उपसायचं म्हणता, तोवर दगडांच्या मागचे, सम्पमधले (टाकीखालच्या गाळणीच्या डब्यातले), ओव्हरफ्लोतले (पाणी सम्पमध्ये उतरतं त्या खणातले) पुन्हा भरून काढतात. महिना गेला की लोक कंटाळतात, आणि तोपर्यंत झोआंवर (गादीसारख्या पसरणाऱ्या मऊ पॉलिपवर) असा थर बसतो की उजेडच पोचत नाही. औषध टाळण्याचा सल्लाही टाकी मारतो, हेही लिहा की.

खारेपाणी_ठाणे

औषध टाळा असं मी कुठे म्हटलं? क्रम बदला म्हणतोय.

आणि लेव्हामिसोलचा डोस किती, हे तुमच्या पोस्टमध्ये एका ओळीतही नाही. गुरांच्या औषधांत दर बाटलीत तीव्रता वेगळी. वर दुकानात 'जंताचं औषध द्या' म्हटलं की फेनबेंडाझोलही हातात पडतं. ते टाकीत गेलं तर गोगलगायी आणि झेनिया, ग्रीन स्टार पॉलिप, लेदर या मऊ कोरलांवर उतरतं, आणि दगडात मुरून पुढेही त्रास देतं. एकाच कपाटात ठेवलेली ही दोन वेगळी औषधं आहेत. मत्स्यालयासाठी बनवलेलं फ्लॅटवर्म एक्झिट महाग पडतं हे मान्य, पण त्यावर डोस तरी छापलेला असतो.

डोस मोजताना दुसरी चूक पाण्याच्या मापाची. ३ × १.५ × १.५ फुटांची टाकी बाहेरून १९१ लिटर भरते. वरची दोन इंच मोकळी जागा, दगड आणि वाळू वजा केली की १५० च्या आसपास उरतात, आणि सम्प चालू असेल तर त्यातले ३५-४० पुन्हा धरायचे. काचेच्या मापाने औषध घालणारा सम्प नसलेल्या टाकीत जवळपास पाव हिस्सा जास्त घालतो.

पाणबुडी_दादर

दोघेही एक पायरी सोडून बोलताय. आधी किडा कुठला ते बघा. काचेवर चालणारा प्रत्येक चपटा जीव 'लाल प्लॅनेरिया', म्हणजे हा लाल किडा, नसतो.

३ ते ५ मिमी, गंजाच्या रंगाचा, मागे तीन छोटी टोकं: हा कन्व्होल्युट्रिलोबा. मश्रूमवर (छत्रीसारख्या मऊ कोरलवर) आणि लेदरवर गोल तपकिरी ठिपक्यांसारखे चिकटलेले, काचेवर सहसा न दिसणारे: वामिनोआ. तो मांस खात नाही, श्लेष्मा खातो आणि उजेड अडवतो. पारदर्शक, मध्ये तपकिरी रेघ, रात्री काचेवर सरपटणारा बारीक किडा कोपेपॉड (पाण्यातले सूक्ष्म कवचधारी जीव) खातो, त्याला औषध नकोच. आणि एखाद्या सकाळी शिंपला रिकामा सापडला, दगडाखाली दोन-तीन सेंटीमीटरचं पानासारखं काही दिसलं, तर तो पॉलिक्लॅड. तो चिमट्याने काढायचा, त्यासाठी सबंध टाकीत औषध नको.

प्लॅनेरिया म्हणणंच चुकीचं आहे. कन्व्होल्युट्रिलोबा आणि वामिनोआ एसील गटातले, खऱ्या चपट्या कृमींपासून वेगळे काढलेले. नाव बरोबर घ्या म्हणजे औषधही बरोबर घ्याल. माशांच्या कृमींवर चालणारं प्राझिक्वांटेल यांच्यावर ओतून आठवडाभर वाट बघणारे बरेच आहेत.

समुद्रमंथन_पुणे

नावाच्या वादाने माझे मश्रूम साफ होत नाहीत. वामिनोआवर नेमकं काय करायचं ते सांगा.

पाणबुडी_दादर

मश्रूम दगडासकट बाहेर काढा. टाकीचंच ५ लिटर पाणी बादलीत, फ्लॅटवर्म एक्झिट तिप्पट डोसाने, १५-२० मिनिटं, आत एक छोटा पंप. दर पाच मिनिटांनी फुग्याच्या पिचकारीने प्रत्येक घडीत पाणी मारा, पायथ्याशी जरा जास्त. मग दुसऱ्या बादलीतल्या स्वच्छ खाऱ्या पाण्यात धुऊन परत ठेवा. पहिली बादली मोरीत ओता, टाकीत नाही. सात दिवसांनी पुन्हा.

शेवाळ_चेंबूर

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. दुकानात 'किडे खाईल' म्हणून मँडरिन मासा विकला जातो. त्याला दिवसभर कोपेपॉड लागतात, १५० लिटरच्या नव्या टाकीत ते महिन्यात संपतात आणि मासा हळूहळू वाळतो. पोट आत गेलेला, मान बारीक झालेला मँडरिन लोकांना 'शांत' वाटतो! सहा रेघांचा रास मासा लाल किडे टिपू शकतो, पण सगळेच खात नाहीत, आणि एकदा स्थिरावला की नव्या छोट्या माशाला जगू देत नाही. निळी मखमली गोगलगाय, केलिडोन्यूरा, तेवढी फक्त हेच किडे खाते. म्हणून किडे संपले की ती उपाशी मरते. पंपाच्या जाळीत ओढली जाते ते वेगळंच. कुणाकडे तरी पुढे देण्याची सोय असेल तरच आणा.

वाळवंट_रीफ (दुबई)

यात ॲक्रोपोरावरच्या (फांद्यांच्या कठीण कोरलवरच्या) किड्याचं नावही नाही, म्हणजे सगळ्यात वाईट राहिला. प्रोस्थिओस्टोमम ॲक्रोपोराए. दिसत नाही, कारण खाल्लेल्या कोरलचा रंग त्याच्या अंगात येतो. फांदीवर एक मिलिमीटरचे फिकट गोल डाग दिसले की पिचकारीने पायथ्यावर पाणी मारा, पांढऱ्या ताटलीत झेला. तरंगत पसरणारा पापुद्रा म्हणजे तो. डिपने (कोरल औषधी पाण्यात बुडवल्याने) किडे सुटतात. अंडी नाही.

समुद्रमंथन_पुणे

आयोडीनच्या डिपमध्ये अंडीही जातात असं सगळीकडे लिहिलेलं आहे.

वाळवंट_रीफ (दुबई)

लिहिलेलं असेल, तरी जात नाहीत. अंडी उघड्या सांगाड्यावर, जिवंत कातडी संपते त्या कडेला, सोनेरी-तपकिरी दाण्यांच्या पुंजक्यात असतात. वर कवच असतं, औषध आत शिरत नाही. भिंग घ्या, फ्रॅगचा (कोरलच्या तोडलेल्या तुकड्याचा) प्लग, म्हणजे तो चिकटवलेली चकती, कापून टाका, जिवंत कातडीखालचा मेलेला भाग पक्कडीने तोडा, उरलेला सुपर ग्लूच्या जेलने बंद करा. पाण्याचं तापमान २७ असेल तर अंडी फुटायला साधारण अकरा दिवस, पुढे पिल्लू अंडी घालण्याइतकं मोठं व्हायला जवळपास चार आठवडे. त्यामुळे एका डिपवर फ्रॅग टाकीत सोडणं म्हणजे अंडी टाकीत सोडणं. दर पाच-सहा दिवसांनी डिप, सहा आठवडे वेगळी टाकी.

शेवाळ_चेंबूर

वेगळी टाकी ठेवायला मुंबईत जागा कुठे आहे?

वाळवंट_रीफ (दुबई)

२० लिटरचा डबा, एक छोटा पंप, हीटर, साधा दिवा, आठवड्याला अर्धं पाणी बदल. पलंगाखालीही मावतो. जागा नाही हे कारण देणारे दुसऱ्या टाकीसाठी जागा काढतातच.

पाणबुडी_दादर

भारतात राहणाऱ्यांना ॲक्रोपोराचे सल्ले देण्याआधी एक गोष्ट सांगा. सगळी कठीण कोरल २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कुणी फ्रॅग विकतोय म्हणून घेऊ नका. इथल्या टाक्यांत मश्रूम, झोआ, लेदर असतात, आणि प्रश्न लाल किड्याचा आणि वामिनोआचाच आहे.

वाळवंट_रीफ (दुबई)

मी माझ्या इथल्या टाकीबद्दल लिहिलं, कुणाला खरेदी करायला सांगितलं नाही. आणि प्लग कापून टाकण्याची गोष्ट झोआच्या फ्रॅगलाही तितकीच लागू आहे. लाल किडे प्लगच्या खालच्या भोकातूनच येतात.

पाणबुडी_दादर

प्लगचं मान्य. बाकी नाही.

समुद्रमंथन_पुणे

विषय परत आणतो. उपसून झालं, वजाबाकी करून पाणी मोजलं. औषधाच्या दिवशी काय करायचं ते सलग लिहा, मी पोस्ट बदलतो. लेव्हामिसोल काढून टाकतो. पण 'तासाभरात' हा शब्द ठेवणार, कारण किडे खरोखर तासाभरातच आकसतात.

खारेपाणी_ठाणे

ठेवा, फक्त त्यानंतरचे तीन तास जोडा.

सुट्टीच्या दिवशी सकाळी. आदल्या रात्री पाव टाकी पाणी, म्हणजे १५० लिटरला ३५-४०, तयार ठेवायचं: तापमान आणि खारटपणा टाकीइतका, रात्रभर पंपाने फिरवलेलं. कार्बन १०० लिटरला १०० ग्रॅम, आरओ पाण्यात काळं पाणी जाईपर्यंत धुतलेला, पिशवीत. औषधाच्या वेळी तो बाहेरच, नाहीतर औषध तोच शोषेल. एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) चालू. यूपीएस नसेल तर बॅटरीवरचा एअरपंप हाताशी, लोडशेडिंग याच वेळी झालं तर मासे आधी गुदमरतात.

औषध एकदम नाही, पाण्याच्या धारेत हळूहळू. पंधरा-वीस मिनिटांत किडे वळायला आणि सुटायला लागतात, तेव्हा नळी पुन्हा हातात. सुटलेले तरंगत ओव्हरफ्लोकडे जातात, तिथे १०० मायक्रॉनची पिशवी लावा आणि दर दहा मिनिटांनी टाकीबाहेर धुवा, आत पिळू नका. पंचेचाळीस मिनिटांनी कार्बन धारेच्या मध्ये लटकवा, सम्पच्या तळाशी आडवा टाकू नका, पाणी वरूनच निघून जातं. लगेच पाणी बदल. मासे तोंड मारायला लागले तर पंचेचाळीस मिनिटंही थांबायचं नाही, कार्बन त्याच क्षणी.

दुसऱ्या दिवशी कार्बन बदला. सातव्या दिवशी हेच सगळं परत, एकही किडा दिसत नसला तरी.

समुद्रमंथन_पुणे

स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र)?

खारेपाणी_ठाणे

चालू. कप दर तासाला रिकामा करा, फेस उतू जाईल.

शेवाळ_चेंबूर

आणि पावरहेड (टाकीत पाणी फिरवणारा पंप) बंद. पात्यात चिरलेल्या किड्याचे तुकडे पुन्हा वाढतात, आणि फाटला की विष तिथेच सुटतं.

समुद्रमंथन_पुणे

हे घेतलं. पोस्ट बदलली आहे, स्क्रीनशॉट काढलेल्यांनी नवा काढा.