मदत हवी आहे: विंडोज ११ टाकताना ड्राइव्हच घेईना (अर्जंट)

टॉवेलवाला
अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, तिथल्या ऑफिसचा पीसी. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून पेनड्राइव्हवरून ११ क्लीन टाकायला घेतलं. ड्राइव्ह निवडला की खाली पिवळं चिन्ह येतं, नेक्स्ट दाबताच येत नाही. उद्या सकाळी बिलं काढायचीत. लवकर सांगा.

जुळे_सोलापूरकर
कुठला पीसी? चिन्हाशेजारी काय लिहून येतंय? एवढं तरी सांगा की वो.

टॉवेलवाला
असेंबल केलेला. काळा.

जुळे_सोलापूरकर
रंग नाही विचारला अण्णा.

टॉवेलवाला
आय ५, आठवी जनरेशन. डिस्क एमबीआर आहे (पार्टिशनची नोंद ठेवायची जुनी पद्धत), जीपीटी (नवी पद्धत) पाहिजे म्हणतंय.

सगळं_उडवा
सोप्पंय. सगळी पार्टिशन डिलीट मारा, मोकळ्या जागेवर नेक्स्ट. जीपीटी आपोआप होतंय.

मुनीमजी
ओ थांबा! डी ड्राइव्हपण जाईल. टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) डेटा कुठे आहे?

टॉवेलवाला
डीमध्ये. बॅकअप आहे, डीमध्येच वेगळ्या फोल्डरात.

मुनीमजी
त्याला बॅकअप नाही म्हणत. आधी बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या. जुनी १० चालू होतेय तोवर टॅलीचं लायसन्सही सरेंडर करा, म्हणजे नव्या विंडोजवर परत चालू करता येईल.

मिंटप्रेमी
विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाका, कटकटच मिटेल.

मुनीमजी
आणि टॅली? तुम्ही येणार का चालवायला?

मिंटप्रेमी
वाइनवर (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवायचं सॉफ्टवेअर) चालते म्हणतात. करून तर बघा.

मुनीमजी
उद्या बिलं आहेत त्यांची, प्रयोगशाळा नाही.

जुळे_सोलापूरकर
डेटा बाहेर घेतला की १० मध्येच ॲडमिन कमांड प्रॉम्प्ट उघडा. एमबीआरचं जीपीटी करायची मायक्रोसॉफ्टची कमांड त्यातच असते. आधी व्हॅलिडेट (नुसती तपासणी), पास झालं तरच कन्व्हर्ट. तीनपेक्षा जास्त प्रायमरी किंवा एखादं लॉजिकल पार्टिशन असेल तर नाही म्हणेल. मग बायोसमध्ये (पीसी चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट व्हायची सोय) बंद करा, पीटीटी (विंडोज ११ ला लागणारं इंटेलचं टीपीएम, म्हणजे सुरक्षेची सोय) चालू आहे का बघा. सेटअपमध्ये फक्त सी उडवायचा, डीला हात नको. यूपीएस आहे ना? मध्येच लाइट गेली तर अवघड.

शेंगाचटणी
नवी पेठेत सेकंडहँड प्रिंटर कुठे मिळतो?

टॉवेलवाला
कन्व्हर्ट झालं! सेटअप पुढे गेला. आता इंटरनेट मागतंय, पण लॅनच दिसेना.

जुळे_सोलापूरकर
मोबाइल केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग (मोबाइलचं नेट केबलने पीसीला द्यायची सोय) चालू करा. लॅनचा ड्रायव्हर नंतर टाका.

सगळं_उडवा
माझ्या पद्धतीने केव्हाच झालं असतं.

मुनीमजी
हो, टॅलीसकट.