पोरं मनानं कधी लिहायला लागली? तुमचे अनुभव सांगा

सातारा तालुक्यात चौथीला शिकवते. ‘माझा आवडता पक्षी’ दिला की 21 वह्यांत 21 मोर, सगळे गाईडातले: ‘मोर हा आपला राष्ट्रीय पक्षी आहे.’ इथं मोर रोज रानात येऊन भुईमूग उकरतात, त्यावर एक ओळ नाही! तुमच्या वर्गात पोरं मनानं कधी लिहायला लागली? उपदेश नको, घडलेलं सांगा.

खानापूर तालुका, तिसरीचा वर्ग
एक मुलगा फळ्यावरचं उतरवून घ्यायचा, स्वतःचं काही नाही. एकदा उशिरा आला. का रे? “म्हस याली.” म्हटलं, लिहून काढ, उशीर माफ. पाऊण पान लिहिलं की त्यानं! ‘रातच्याला म्हस उठबस करत हुती. आई म्हनली बॅटरी धर. रेडकू वलं हुतं.’ आणि मी काय केलं, तर लाल पेनानं म्हसची म्हैस, हुतीची होती. 14 दुरुस्त्या. पुढं महिनाभर पुन्हा फळ्यावरचंच. चूक माझी होती, पण पोरासमोर ती कबूल करायला जीभ वळेना. शेवटी त्याच पानाखाली पेन्सिलीनं लिहिलं, ‘रेडकाचं नाव काय ठेवलं?’ दुसऱ्या दिवशी उत्तर हजर, वर दोन ओळी जास्तीच्या. तेव्हापासून वहीत शेरा देत नाही, प्रश्न विचारते. ‘छान’ लिहिलं की बोलणंच संपतं.

जत, पूर्व भाग
आमच्याकडं निम्म्या घरांत कन्नड. एकीनं लिहिलं, ‘काल मळी आली, अव्वा नाचली.’ मला वाटलं कारखान्याची मळी! तिला म्हणायचं होतं पाऊस. जतमध्ये पाऊस आल्यावर कुणीही नाचेल म्हणा. आता अडलेला शब्द घरचा घालायची मुभा आहे, मराठी शब्द नंतर सगळे मिळून शोधतो. माझंही कन्नड सुधारलं.

सांगली
2019 च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं. शाळा उघडली तेव्हा भिंतीवर चिखलाची रेघ तशीच होती. ‘पूर: एक आपत्ती’ असा विषय देणार होतो, पण जीवच झाला नाही. विचारलं, घर सोडताना काय काय उचललंत? नुसती यादी करा. गॅसची शेगडी, रेशनकार्ड, शेळी, आजोबांचा फोटो. एकाची शेवटची ओळ: ‘दफ्तर राहिलं. बरं झालं.’ वर्ग पहिल्यांदा हसला तो तेव्हा. मग ज्यानं त्यानं यादीतल्या एकाच वस्तूवर लिहिलं. शेळीवर सर्वांत जास्त.

कराड, निवृत्त, माध्यमिक
कौतुक पुरे. ऱ्हस्व-दीर्घ लहानपणी पक्कं केलं नाही की नववीत आम्हाला निस्तरावं लागतं.

खानापूरवाली
सर, मान्य. शुक्रवारी शुद्धलेखन घेतेच, सगळ्यांच्या वह्यांतले पाच शब्द फळ्यावर, नाव कुणाचंच नाही. पण आधी वहीत दुरुस्त करण्याजोगं काही यायला तर हवं.

सातारा शहर, पालक
7 नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस. 1900 साली याच दिवशी बाबासाहेब आमच्या साताऱ्यात शाळेत दाखल झाले. दरवर्षी मुलगी माझ्या मोबाइलवरून भाषण उतरवायची. यंदा बाईंनी विचारलं, तुमचा शाळेतला पहिला दिवस कसा होता? लेकीनं लिहिलं, ‘बाबा गेटबाहेर उभे होते. मी रडले नाही, तेच रडत होते.’ खोटं आहे हे. डोळ्यांत कचरा गेला होता.

धागा काढणारी
काल विषय बदलून दिला: ‘मोरानं आमच्या रानात काय केलं?’ एकीनं विचारलंय, ‘बाई, आजी मोराला लई शिव्या देती. त्या लिवू का?’ खाली पेन्सिलीनं लिहिलंय, ‘किती आहेत?’