वृत्त कानाने ओळखावे की लघु-गुरू मोजून?

निवृत्त शिक्षिका
'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' ही ओळ फळ्यावर लिहिली की मुले लगेच रकाने पाडत, लघु-गुरूची (हलक्या-जड अक्षरांची) चिन्हे देत आणि चार य गण (लघु-गुरू-गुरू असे तीन अक्षरांचे गट), म्हणून भुजंगप्रयात वृत्त, असे लिहून गुण मिळवत. पण तीच ओळ म्हणून दाखवा म्हटले की बातमी वाचल्यासारखी वाचत. वृत्त ही आधी कानाची गोष्ट आहे, असे माझे ठाम मत आहे. ज्याने दिवेलागणीला मनाचे श्लोक म्हटले आहेत, तो 'यमाताराजभानसलगम्' हे गण लक्षात ठेवण्याचे सूत्र मागाहून शिकला तरी काही बिघडत नाही.

मोजणीदार
बाई, चाल फार लबाड असते. घरच्या मंडळींनी रचलेली मंगलाष्टके आठवा. ती ज्यात रचतात त्या शार्दूलविक्रीडित वृत्तात ओळीला 19 अक्षरे असतात, 12व्या अक्षरावर यती (थांबा) येतो आणि उरलेल्या 7 अक्षरांत 'कुर्यात् सदा मंगलम्' (गागाल गागाल गा; गा म्हणजे गुरू, ल म्हणजे लघू) चपखल बसते. आधीच्या 12 अक्षरांत मात्र वराचे नाव, आजोळ आणि आत्याबाई यांची अशी दाटी होते की म्हणणारा काही अक्षरे गिळतो, काही ताणतो, आणि चाल तेवढी शाबूत राहते. मांडवात कुणालाच काही खटकत नाही. दोष सापडतो तो बोटांवर मोजणाऱ्याला.

शिवाय आपला कान आजच्या बोलण्यावर पोसलेला आहे. 'गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा' यातले दोन्ही 'श' आपण बोलताना हलन्त ('श्' असे) उच्चारतो. तसेच म्हटले तर 12 अक्षरांची 10 होतात.

निवृत्त शिक्षिका
मंगलाष्टकांचे मान्य. पण मोजायचे तरी कशाच्या आधारे? जोडाक्षराआधीचे अक्षर गुरू, एवढाच नियम पाठ केलेला मुलगा 'दर्या' आणि 'दऱ्या' या दोन्हींतल्या 'द'ला गुरू ठरवतो. 'दर्या' म्हणताना 'द'वर आघात येतो, म्हणून तो गुरू. 'दऱ्या'त येत नाही, म्हणून लघू. इथे निदान लिपीत फरक दिसतो. 'पुन्हा' आणि 'तुझ्या' यांतही पहिल्या अक्षरावर आघात येत नाही, पण ते लिपीत कुठे दिसते?

ओवीप्रेमी
आपण दोघेही अक्षरगणवृत्तांपुरतेच, म्हणजे लघु-गुरूंचा क्रम ठरलेल्या वृत्तांपुरतेच, बोलत आहात. 'सुंदर ते ध्यान । उभे विटेवरी । कर कटावरी । ठेवूनिया' हा 6-6-6-4 अक्षरांचा अभंग आहे. त्यात लघू कुठे आणि गुरू कुठे याला काही महत्त्व नाही, आणि ज्ञानेश्वरीतल्या ओवीत तर अक्षरसंख्याही ठरलेली नाही. कवी आणि छंदःशास्त्राचे अभ्यासक माधव जूलियन यांनी छंद (लघु-गुरूचे बंधन नसलेले), जाती (मात्रांवर बांधलेल्या) आणि वृत्त (लघु-गुरूंचा क्रम ठरलेले) असे वेगळे गट मानले, ते उगाच नव्हे. ओळ कोणत्या गटातली हे न पाहता गण पाडायला बसणे म्हणजे दूध गजाने मोजणे.

मोजणीदार
गटाचा मुद्दा रास्त आहे, परंतु गट ठरवायलाही दोन-चार ओळी मोजाव्याच लागतात. बाईंच्या 'पुन्हा'ला माझ्याकडे उत्तर आहे: मराठीत न्ह, म्ह, ल्ह यांचा उच्चार बहुधा एकाच महाप्राण (ख, घ यांसारख्या) व्यंजनासारखा होतो, तेव्हा तेवढा अपवाद नियमातच लिहून टाकावा. 'तुझ्या'पाशी मात्र मीही पेन्सिल बाजूला ठेवतो आणि ओळ मोठ्याने म्हणून पाहतो.