जुन्यासारखे नवे घ्यावे, की जुनेच शोधावे?

काटोलरोडकर (धागा सुरू करताना):
दिवाळीच्या आधी नागपुरात बर्डीवरून मी एक रेडिओ आणला. रेडिओ म्हणणे खरे तर चूकच, कारण सागवानी रंगाच्या त्या पेटीत ब्लूटूथचा स्पीकर आहे. समोर पिवळ्या उजेडाची काचपट्टी आहे, तिच्यावरचा लाल काटा छापलेला असल्यामुळे तो कधीच हलत नाही, आणि दोन बटणांपैकी एक आवाजाचे आहे, तर दुसरे नुसतेच फिरते. घरी आलेल्या एका स्नेह्यांनी त्याला 'सोंग' म्हटले आणि इतवारीत थोडे पाय झिजवले असते तर खरा जुना मर्फी रेडिओ मिळाला असता, असेही सुनावले.

माझे म्हणणे असे की, ही पेटी कोणालाही फसवत नाही. ती नवी आहे, नवी म्हणूनच विकली जाते, आणि मला तिच्यातले फक्त रूप हवे होते. 2018 मध्ये जावा मोटारसायकल जुन्या धाटणीत परत आली, 2020 मध्ये चेतक स्कूटर विजेवर धावू लागली, त्यांना कोणी सोंग म्हणत नाही. फसवणूक असलीच तर ती 'अस्सल जुन्या'च्या बाजारात आहे. आजोबांच्या काळचा म्हणून विकल्या जाणाऱ्या भोंग्याच्या कितीतरी ग्रामोफोनांत पेटी नवी, पितळी भोंगा नवा आणि आत एखाद्या मोडक्या पेटी-ग्रामोफोनची मोटर असते. एचएमटीच्या चावीच्या घड्याळांचेही तेच झाले आहे. सरकारने 2016 मध्ये तो घड्याळांचा कारखाना बंद करण्याचा निर्णय घेतल्यापासून मागणी वाढली आणि रंगवलेल्या नव्या तबकड्या बसवलेली, तीन घड्याळांचे भाग एकत्र केलेली 'जनता' नावाची एचएमटी घड्याळे सर्रास विकली जाऊ लागली. मग प्रामाणिक कोण?

महालातला_मिस्त्री:
ग्राहकाला पारख नसणे हा जुन्या वस्तूचा दोष कसा होतो, हे मला समजले नाही. मी चाळीस वर्षे रेडिओ दुरुस्त करतो, म्हणून त्याच वस्तूपुरते बोलतो. व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरआधीच्या काचेच्या नळ्यांच्या, रेडिओची मागची पुठ्ठ्याची फळी काढली की सगळा कारभार डोळ्यांसमोर येतो, आणि बऱ्याच संचांत तर सर्किटचा नकाशाही आतच चिकटवलेला असतो, कारण ही वस्तू कोणीतरी उघडणार, हे बनवणाऱ्याने गृहीत धरलेले होते. पन्नास-साठ वर्षांत त्यातले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, वाळतात, ते बदलावे लागतात. एखादा व्हॉल्व्ह जातो, तोही खटपट केली की मिळतो. आपली पेटी डिंकाने बंद केलेली आहे. तिची बॅटरी मेली की पेटीही मेली. उणिवा मीही लपवत नाही: जुन्या संचावर एफएम लागत नाही, चांगल्या आवाजासाठी गच्चीवर तार ताणावी लागते, आणि हल्लीच्या एलईडी दिव्यांमुळे मध्यम लहरींवर खरखर फार येते. तरीही त्याचा काटा फिरवला की काहीतरी घडते, साहेब.

काटोलरोडकर:
मिस्त्रीकाका, आपल्या कौशल्याबद्दल आदरच आहे. पण दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये गच्चीवर तार ताणायला सोसायटी परवानगी देत नाही, आणि आपल्यानंतर तो संच उघडणार कोण, हा प्रश्नही उरतोच.

कोसा_आणि_काठ:
आपण दोघेही रेडिओत अडकला आहात. मर्फीची नक्कल केल्याने आज कोणाचे पोट मारले जात नाही. पण जुन्या रूपाची नक्कल नेहमीच अशी निरुपद्रवी असते का? आमची करवतकाठी साडी पाहा. भंडाऱ्याकडे आंधळगावला आणि नागपूर परिसरात ती कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, धाग्यावर हातमागावर विणली जाते. दोन्ही काठांना एकेक आणि मधल्या अंगाला एक असे तीन धोटे (आडवा धागा नेणारी शटल) चालवून, काठाचा आडवा धागा अंगाच्या आडव्या धाग्यात वेळोवेळी अडकवत न्यावा लागतो, म्हणून काठाचा रंग अंगात शिरत नाही आणि करवतीच्या दात्यांची ती रेघ दोन्ही बाजूंनी सारखीच स्वच्छ दिसते. हे काम इतके सावकाश चालते की, त्याची किंमत कमी होऊच शकत नाही. आता बाजारात 'रेट्रो करवती' नावाची यंत्रमागावरची पॉलिएस्टरची साडी चौथाई किमतीत मिळते. ती उलटी करून पाहिली की लोंबते धागे दिसतात, आणि काहींवर तर काठ चक्क छापलेला असतो. विकणारा तिला हातमागाची म्हणत नाही, म्हणजे आपल्या व्याख्येप्रमाणे तो प्रामाणिकच ठरतो. तरीही लग्नात पाच आहेर द्यायचे असले की लोक तीच उचलतात, आणि विणकराचा मुलगा बुटीबोरीच्या कारखान्यात नोकरी शोधतो. जिथे जमशेटजी टाटांची 1877 ची एम्प्रेस मिल ही कापडगिरणी होती, तिथल्या मॉलमध्ये उभे राहून जुन्या वळणाचे सुती कपडे शोधणारे आपण, हे कसे विसरतो, कोण जाणे.

नाणेवाला:
थोडे विषयाला धरूनच. राम-सीतेचे चित्र आणि 'ईस्ट इंडिया कंपनी 1818' असा मजकूर असलेले नाणे कोणी लाखांत विकू लागला, तर तिथून उठून यावे. कंपनीने असे नाणे कधीच पाडले नव्हते. ते नंतरच्या काळात हौसेखातर पाडलेले टोकन आहे. आणि खरोखरच शंभर वर्षांहून जुनी वस्तू मिळाली, तर 1972 चा पुरावस्तू कायदा आहे. ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, परदेशातल्या भाच्याला भेट म्हणूनसुद्धा.

काटोलरोडकर:
कोसाताई, आपला मुद्दा मला खोडता येत नाही. माझी व्याख्या फक्त घेणाऱ्याची फसवणूक मोजत होती. बनवणाऱ्याचे काय होते, हे तिच्यात नव्हतेच. जी वस्तू आजही कोणीतरी हाताने बनवते, तिचे नुसते रूप उचलणे गैर आहे, इतके मी मान्य करतो. रेडिओच्या बाबतीत मात्र मी माघार घेत नाही, कारण मर्फीचा कारखाना माझ्या स्पीकरने बंद पाडलेला नाही.

महालातला_मिस्त्री:
कारखाना नाही, पण माझ्याकडचे गिऱ्हाईक गेले ना. असो. आपल्या घरी माळ्यावर जुना संच आहे का?

काटोलरोडकर:
सासऱ्यांचा बुश कंपनीचा रेडिओ आहे. पंचवीस वर्षांत कोणी लावलेला नाही. आज रात्रीच लावून पाहतो.

महालातला_मिस्त्री:
मुळीच लावू नका! इतकी वर्षे पडून असलेल्या संचाला एकदम 230 व्होल्ट दिले, तर वाळलेला कपॅसिटर फुटेल आणि सोबत ट्रान्सफॉर्मरही जाईल. रविवारी सकाळी घेऊन या, येताना मागची फळी हरवू नका. बघण्याचे पैसे घेत नाही.