नव्या पुलाचे नऊ दिवस, पुढच्या तीस वर्षांचं काय?

हिशेबनीस:
पालिकेचा अर्थसंकल्प मांडला की भाषणं कशावर होतात? उड्डाणपूल, रुंदीकरण, नदीकाठ. देखभाल-दुरुस्तीची ओळ कधी आली नि गेली, सभागृहाला पत्ताही नसतो. माझी मागणी एकच: ज्या ठरावात नवं काम मंजूर होतं, त्याच ठरावात त्या कामाची पुढच्या तीस वर्षांची देखभाल कुठल्या पैशातून होणार हे लिहा. लिहिता येत नसेल तर ठराव परत पाठवा.

कारण सोपं आहे. पूल बांधायला कर्ज मिळतं, अनुदान मिळतं. पुलाच्या तुकड्यांमधल्या सांध्यातलं (एक्स्पान्शन जॉइंट) फाटलेलं रबर बदलायला कुणी छदाम देत नाही. आणि फीत कापायला तिथे कुणी येत नाही. इटलीत जिनोआचा मोरांदी पूल १९६७ साली खुला झाला आणि १४ ऑगस्ट २०१८ ला भर पावसात कोसळला. ४३ माणसं गेली. तो पालिकेच्या नव्हे, महामार्ग कंपनीच्या ताब्यात होता, हे मान्य. पण काँक्रीटच्या पोटातल्या तारा मालक बघून गंजत नाहीत.

वाढतं शहर:
साफ असहमत. तीस वर्षांचा हिशेब मागणं हे काम अडवण्याचं सभ्य नाव आहे. लंडनमध्ये १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स इतकी नासली की संसदेच्या पडद्यांना ब्लीचिंग पावडरचं द्रावण लावून वास अडवावा लागला. मग इंजिनिअर जोसेफ बझालजेटने शहराखालून विटांची प्रचंड गटारं बांधली. त्यातली बरीचशी आजही चालू आहेत. तेव्हा कुणी "आधी जुने मैलाहौद नीट साफ करा, मग बघू" म्हणत बसलं असतं तर? शहर फुगत असताना डागडुजी करत बसणं म्हणजे वाढत्या पोराचा जुना सदरा उसवून पुन्हा शिवणं.

हिशेबनीस:
गटारं बांधू नका असं मी कुठे म्हटलं? बझालजेट तर माझा साक्षीदार. त्याच्याच गटारांसाठीचं क्रॉसनेसचं पंपिंग स्टेशन १८६५ साली सुरू झालं, ते काही वाऱ्यावर चाललं नाही. रोजचा कोळसा, रोजची माणसं. तो खर्च मागे लागणार हे धरूनच काम झालं. मी तेवढंच मागतोय.

जेई (निवृत्त):
दोघंही कागदावर भांडताय. मी कनिष्ठ अभियंता (जेई) म्हणून गटाराच्या चेंबरवर उभा राहिलेला माणूस.

पावसाळ्याच्या तोंडावर झाकणं उघडतात. आत प्लास्टिक, मुळं, बांधकामाची वाळू. चार माणसं बांबू घालून गाळ वर ओढतात आणि चेंबरच्या कडेलाच ढीग लावतात, कारण ओला गाळ गाडीत भरता येत नाही, "जरा वाळू दे". गाडी ठरल्या दिवशी येत नाही. तिसऱ्या दिवशी पहिली सर येते आणि तोच गाळ त्याच भोकातून परत आत. बिल मात्र निघालेलं असतं, घनमीटरमध्ये, दोन दशांश स्थळांपर्यंत! तेव्हा "देखभालीला पैसा नाही" हे अर्धंच खरं. पैसा असतो, काम मोजणारा नसतो. ठरावात ओळ वाढवून हे सुटायचं नाही.

उलटा गिअर:
मूळ प्रश्न राहिलाच, की नवं म्हणजे नेमकं काय? अमेरिकेत ह्यूस्टनच्या केटी फ्रीवे या महामार्गाचं रुंदीकरण २००८ मध्ये पुरं झालं. सर्व्हिस रोड धरून काही भागात २६ मार्गिका. काही वर्षांतच गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबायला लागला. रस्ता वाढला की गाड्या वाढतात. त्यापेक्षा दक्षिण कोरियाच्या सोलकडे बघा. २००३ मध्ये चोंगेचॉन ओढ्यावरचा उन्नत रस्ता पाडायला घेतला, २००५ मध्ये ओढा लोकांसाठी खुला.

वाढतं शहर:
म्हणजे पाडायलाही पैसा लागलाच ना? ते भांडवली कामच झालं. शिवाय त्या ओढ्यात आज वाहतं ते पाणी बरंचसं हान नदीतून पंपाने आणून सोडलेलं आहे.

हिशेबनीस:
पंप! आता त्या पंपाचं वीजबिल कुठल्या ओळीत दाखवायचं, तेवढं सांगा. (अनवधानाने का होईना, माझ्या बाजूने बोललात.)

शंकासूर:
हिशेबनीस, तुमची ओळ खोटी ठरणार. डेन्मार्कचे अभ्यासक फ्लिब्येर्ग आणि सहकाऱ्यांनी २००२ साली २५८ वाहतूक प्रकल्प तपासले. दहांतल्या नऊंचा खर्च अंदाजाबाहेर गेलेला. बांधायचा आकडा जिथे सरळ सांगत नाहीत, तिथे तीस वर्षांच्या देखभालीचा कोण सांगणार? सल्लागार हवा तो आकडा टाकेल आणि ठराव एकमताने मंजूर.

त्यापेक्षा लोकांना विचारा. ब्राझीलमधल्या पोर्तु अलेग्री शहराने १९८९ पासून बजेटचा काही भाग वस्त्यांच्या सभांवर सोपवला. लोकांनी मागितलं काय? सांडपाण्याची व्यवस्था, वस्तीतले पक्के रस्ते. पुतळे नव्हे.

वाढतं शहर:
कारण तिथे ते नव्हतंच! म्हणजे लोकांनीही नवंच मागितलं. आणि सभेला कोण येतं? ज्याला वेळ आहे आणि आवाज आहे तो.

जेई (निवृत्त):
आकडा खोटा ठरू नये म्हणून एकच उपाय मी चालताना पाहिलाय. बांधणाऱ्याच्याच गळ्यात दहा वर्षांची देखभाल घालायची आणि बिलातला एक भाग तोवर अडकवून ठेवायचा. तोही पुरता नाही. चौथ्या वर्षी कंपनी नाव बदलते आणि फोन लागेनासा होतो. पण पैसे आपल्याकडे असले तर निदान दुसऱ्याकडून काम करून घेता येतं.

हिशेबनीस:
चालेल. तीस सोडतो, दहा वर्षं धरू. पण अडकवलेली रक्कम वेगळ्या खात्यात. सर्वसाधारण निधीत गेली की ती पुढच्या फितीला वापरली जाणार.

वाढतं शहर:
आणा ठराव. मी विरोधातच बोलणार. पंपाच्या बिलाची ओळ मात्र राहू द्या.