मदत हवी आहे: रूकी बेसबॉलच्या सामन्याचे तिकीट कुठे मिळते?

वाळवंटी_वाट: नमस्कार. रूकी म्हणजे व्यावसायिक बेसबॉलमधली नवख्या खेळाडूंची सगळ्यात खालची पातळी. तिच्या वेळापत्रकात काल संध्याकाळी सहाचा सामना स्पष्ट दिलेला होता, म्हणून बाबांना घेऊन अर्धा तास आधीच पोहोचलो. स्टेडियमची सगळी दारे बंद, तिकीट खिडकी बंद, आणि विचारायला चिटपाखरूही नव्हते. पाऊण तास उन्हात थांबून आम्ही हात हलवत परत आलो. बाबा रविवारी पुण्याला परत जाणार आहेत. तिकीट कुठे मिळते, एवढेच कृपया लवकर सांगावे.

कऱ्हाडकर: कोणते राज्य आणि कोणता संघ, हे कळल्याशिवाय कोणी काय सांगणार? अमेरिकेत रूकी पातळीच्या लीग फ्लोरिडात आणि अ‍ॅरिझोनात अशा दोन ठिकाणी चालतात. फ्लोरिडात सामने बहुतेक भर दुपारी असतात, तर अ‍ॅरिझोनात उन्हामुळे बहुतेक संध्याकाळी.

वाळवंटी_वाट: क्षमस्व, अ‍ॅरिझोना. फीनिक्सच्या पश्चिमेला, जिथे दोन संघांचा एकत्र तळ आहे तिथे गेलो होतो. मार्चमध्ये याच स्टेडियममध्ये तिकीट काढून मोठ्या संघाचा सराव सामना पाहिला होता.

निळी_टोपी: वडील वयस्कर असतील तर हा नाद सोडा आणि त्यांना थेट चेस फील्डला, म्हणजे फीनिक्समधल्या मोठ्या संघाच्या स्टेडियमला न्या. तिथे छप्पर बंद होते, आत गारवा असतो, बसायला धड खुर्च्या असतात आणि खेळाडूही नावाजलेले असतात. जून महिन्यात उघड्यावर बसवून त्यांचे हाल का करायचे?

सांजवेळ: मी तर म्हणेन की ऑक्टोबरपर्यंत थांबा. तेव्हा अ‍ॅरिझोनातच फॉल लीग (शरद ऋतूतली लीग) असते, हवा छान असते आणि खेळाचा दर्जाही कितीतरी वरचा असतो.

कऱ्हाडकर: वडील रविवारी परत जाणार आहेत असे त्यांनी लिहिले आहे, मग ऑक्टोबरचा सल्ला काय कामाचा? आणि निळी_टोपी, चेस फील्डवर खेळाडू बोटाएवढा दिसतो. इथे सतरा-अठरा वर्षांचा, नुकताच डॉमिनिकन रिपब्लिकमधून किंवा व्हेनेझुएलातून आलेला मुलगा जाळीपलीकडे दहा पावलांवर उभा असतो. ज्याला खेळ कसा घडतो हे पाहायचे आहे, त्याला यासारखी दुसरी जागा नाही.

निळी_टोपी: माझी काळजी उन्हाची आहे. बेचाळीस अंशांत जवळून दिसण्याचा काय उपयोग?

मागचे_मैदान: मी गेली सहा वर्षे हे सामने पाहतो आहे. तुम्ही चुकीच्या दारावर थांबलात. हे सामने सहसा स्टेडियममध्ये होत नाहीत, तर त्याच्या मागे असलेल्या सरावाच्या मैदानांवर होतात. तिकीट नसते, प्रवेश मोफत असतो, म्हणून खिडकी उघडण्याचा प्रश्नच येत नाही. अशी मैदाने प्रत्येक संघाकडे अनेक असतात, त्यामुळे गाडी लावल्यावर ज्या मैदानाचे दिवे लागलेले दिसतील तिकडे कुंपणाच्या कडेने चालत जावे. खाण्यापिण्याचे दुकान नसते, म्हणून पाणी भरपूर न्यावे. सावली आणि बाके मोजकीच असतात, म्हणून घडीची खुर्चीही न्यावी. फाउल गेलेला, म्हणजे रेषेबाहेर उडालेला चेंडू अचानक अंगावर येतो, तेव्हा वडिलांना होम प्लेटच्या (फलंदाज उभा राहतो त्या जागेच्या) मागे, जाळीच्या आड बसवावे. जुलैच्या अखेरीस हा हंगाम संपतो. पण वडिलांना हीच पातळी का पाहायची आहे, हे तुम्ही लिहिले नाही.

वाळवंटी_वाट: उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू एका स्पर्धेतून निवडले जाऊन अमेरिकेत आले, ती बातमी बाबांनी कापून ठेवली आहे. ते याच लीगमध्ये खेळले होते, असे बाबांचे म्हणणे आहे.

कऱ्हाडकर: पातळी हीच, लीग मात्र दुसरी. पिट्सबर्ग पायरेट्स या मोठ्या संघाने त्यांना नोव्हेंबर २००८ मध्ये करारबद्ध केले आणि २००९ मध्ये ते फ्लोरिडातल्या गल्फ कोस्ट लीगमध्ये खेळले. २०२१ मध्ये तिचे नाव फ्लोरिडा कॉम्प्लेक्स लीग झाले, आणि तुमच्याकडची अ‍ॅरिझोना लीगही त्याच वर्षी कॉम्प्लेक्स लीग झाली. जुलै २००९ मध्ये रिंकू सिंगच्या नावावर विजय लागला, तेव्हा अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉलचा सामना जिंकणारा तो पहिला भारतीय पिचर (चेंडू टाकणारा) ठरला.

वाळवंटी_वाट: काल पुन्हा गेलो आणि दिवे पाहून मैदान सापडले. बघायला जेमतेम तीस माणसे होती, त्यांतली निम्मी खेळाडूंच्या घरची किंवा स्काउट, म्हणजे संघांसाठी खेळाडू हेरणारी असावीत. स्काउटच्या हातातल्या वेगमापकावर ९३ मैल उमटले, तेव्हा बाबांनी मनातल्या मनात हिशेब करून "जवळजवळ दीडशे किलोमीटर" असे मोठ्याने म्हटले. पिचर ते होम प्लेट हे अंतर १८.४४ मीटर, म्हणजे आपल्या बावीस यार्डांपेक्षाही कमी असते, हे मी सांगितल्यावर ते बराच वेळ फलंदाजाच्या पायांकडेच पाहत राहिले. कॅचरच्या हातमोज्यात चेंडू बसल्याचा आवाज इतका कोरडा आणि मोठा होता की पहिल्या दोन वेळा ते दचकलेच. सातव्या डावापर्यंत थांबलो. निळी_टोपी, सूर्य मावळल्यावर ऊन बाधले नाही, पण खुर्ची आणि पाणी नसते तर तुमचेच खरे ठरले असते. मागचे_मैदान, शनिवारी पुन्हा जायचा विचार आहे. तुम्ही येणार असाल तर बाबांना तुम्हाला भेटायचे आहे.